सरकारी आरोग्य डेटा संशोधनासाठी मागवायचा आहे: अर्ज कुठे, कसा, कोणाकडे?

अर्धविराम
सार्वजनिक आरोग्याच्या पदव्युत्तर प्रबंधासाठी विषय घेतलाय: महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्यात गरोदर महिलांमधला रक्तक्षय तालुक्या-तालुक्यांत किती वेगळा दिसतो. एनएफएचएस-५ चं, म्हणजे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीचं, जिल्हा पत्रक उघडलं, तर नेमका गरोदर महिलांचा आकडा कंसात छापलाय. तालुक्याचा तर पत्ताच नाही. प्रश्न असे:
१. तालुका पातळीचा आकडा कोणत्या सरकारी स्रोतात असतो?
२. अर्ज जिल्ह्यात करायचा की थेट मुंबई-पुण्याला?
३. नावं नको असतील तरी नैतिकता समितीचं पत्र लागतं का?
४. माहिती अधिकारात मागितलं तर लवकर मिळेल का?

सहावा_दशांश
आधी त्या कंसाबद्दल. एनएफएचएसच्या पत्रकात आकडा कंसात असला, तर तो २५ ते ४९ नमुन्यांवर उभा आहे. २५ पेक्षा कमी असतील तर आकडाच देत नाहीत, तारांकित चिन्ह देतात. एनएफएचएस-५ मध्ये ७,२४,११५ स्त्रिया आणि ७०७ जिल्हे. भागाकार केला की जिल्ह्यामागे सरासरी हजाराच्या आसपास स्त्रिया येतात आणि त्यातल्या मुलाखतीच्या वेळी गरोदर असलेल्या मोजक्याच. तेव्हा त्या सर्वेक्षणातून तालुका काढायचा विचार सोडून द्या. नमुना त्यासाठी काढलेलाच नाही, कितीही चांगलं सॉफ्टवेअर वापरलंत तरी.

तरीही पार्श्वभूमीसाठी मूळ डेटा लागेल. देश पातळीवर गरोदर महिलांमधला रक्तक्षय एनएफएचएस-४ मध्ये ५०.४ टक्के होता, एनएफएचएस-५ मध्ये ५२.२. हे रक्त बोटाला टोचून घेतलेलं आणि हिमोक्यू यंत्रावर मोजलेलं आहे. दवाखान्यात शिरेतून घेतलेल्या रक्ताच्या आकड्यांशेजारी ते सरळ मांडू नका.

सरकारी आरोग्य डेटाचे ढोबळ तीन थर धरा, कारण अर्जाचं स्वरूप थरावर ठरतं.

पहिला थर उघडा. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या ७५ व्या फेरीचा आरोग्यखर्चाचा भाग, जुलै २०१७ ते जून २०१८, घटक पातळीवर, म्हणजे एकेका कुटुंबाच्या नोंदीसकट, सांख्यिकी मंत्रालयाच्या मायक्रोडेटा पोर्टलवर विनामूल्य आहे. नाव-ईमेल नोंदवायचा आणि उतरवून घ्यायचा. फाइल ठरावीक रुंदीच्या मजकुराची असते, सोबतच्या मांडणी-तक्त्याशिवाय ती वाचताच येत नाही. शिवाय रुग्णालयात दाखल झालेली कुटुंबं त्यात मुद्दाम जास्त घेतलेली आहेत. प्रत्येक नोंदीसोबत दिलेला गुणक (त्या नोंदीचं वजन) न लावता सरासरी काढली की दाखल होण्याचं प्रमाण भलतंच फुगतं.

दुसरा थर नोंदणीचा. एनएफएचएसचा घटक डेटा वर्षानुवर्षं अमेरिकी मदतीवर चालणाऱ्या डीएचएस प्रोग्राम या आंतरराष्ट्रीय सर्वेक्षण कार्यक्रमाच्या संकेतस्थळावरून मिळायचा: प्रकल्पाचं छोटं वर्णन लिहायचं, देश निवडायचा, एकदोन दिवसांत मंजुरी. फेब्रुवारी २०२५ मध्ये अमेरिकी मदत थांबल्यावर तिथली नवी नोंदणी अडकली. म्हणून जुन्या लेखांतली 'दोन दिवसांत मिळतो' ही ओळ पाहून वेळापत्रक आखू नका. सर्वेक्षणाची मध्यवर्ती संस्था मुंबईत देवनारची आयआयपीएस, म्हणजे आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे, तिच्याकडेही मागणी करा. ज्येष्ठांचं सर्वेक्षण, म्हणजे लासी, तेही आयआयपीएसकडेच अर्ज करून मिळतं. ते ४५ वर्षांपुढच्यांचं, पहिली फेरी २०१७-१८. तुमच्या विषयाला उपयोग नाही.

एक अट लोक विसरतात: नोंदणी करून घेतलेली फाइल मित्राला पेन ड्राइव्हवर देता येत नाही. सहसंशोधकाचं नाव अर्जात हवं.

तिसरा थर परवानगीचा. तुमचं काम तिथे आहे. कार्यालयांचं जाणकार सांगतीलच.

आवकजावक
सांगतो. महाराष्ट्रात अर्ज चुकीच्या टेबलावर जाण्याचं पहिलं कारण म्हणजे जिल्ह्यात आरोग्याच्या दोन समांतर साखळ्या आहेत.

प्राथमिक आरोग्य केंद्रं आणि उपकेंद्रं जिल्हा परिषदेची. तिथे जिल्हा आरोग्य अधिकारी, वर मुख्य कार्यकारी अधिकारी. ग्रामीण रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय, जिल्हा रुग्णालय हे राज्याचे. तिथे जिल्हा शल्य चिकित्सक. जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांना पत्र देऊन ग्रामीण रुग्णालयाच्या नोंदवह्या मागितल्या, तर ते 'आमच्या अखत्यारीत नाही' असं लिहून परत पाठवणार, आणि त्यांचं बरोबरच असतं. दोन्ही हव्या असतील तर परिमंडळाच्या उपसंचालकांकडे जा. परिमंडळं आठ: ठाणे, पुणे, नाशिक, कोल्हापूर, छत्रपती संभाजीनगर, लातूर, अकोला, नागपूर. महापालिका हद्द असेल तर तिसरं दार, पालिकेचा आरोग्य विभाग. वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय तर वेगळ्याच खात्यात, तिथे अधिष्ठाता.

एका जिल्ह्याचा तालुकानिहाय गोळाबेरीज आकडा हवा असेल तर मुंबईपर्यंत जायची गरज बहुधा पडत नाही. दोनतीन जिल्हे असतील तर मात्र खालून वर चढू नका. वरून आयुक्तालयाचं पत्र घ्या आणि त्याची प्रत प्रत्येक जिल्ह्यात द्या.

अर्ज ईमेलने पाठवला तरी एक कागदी प्रत आवक विभागात द्या, दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्या. पुढची प्रत्येक चौकशी त्या क्रमांकावर होते, विषयावर होत नाही.

दहा_रुपये
एवढी यातायात कशाला? माहिती अधिकार टाका, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावा, तीस दिवसांत द्यावंच लागतं.

कलम_आठ
@दहा_रुपये, अर्धं बरोबर. जे कागद कार्यालयात तयार आहेत त्यांच्यासाठी माहिती अधिकार उत्तम. पण माहिती गोळा करून, जुळवून, नवा तक्ता बनवून देण्याचं बंधन त्यात नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ च्या सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय निकालात ते स्पष्ट केलंय. 'मागील पाच वर्षांचं तालुकानिहाय, वयोगटनिहाय विश्लेषण द्यावे' असं लिहिलंत की नकार लिहायला एक ओळ पुरते.

व्यक्तीच्या नोंदी तर विसराच. कलम ८(१)(ञ) चा जुना मजकूर डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने बदलला. नोव्हेंबर २०२५ पासून वैयक्तिक माहिती सरळ अपवादात गेली. व्यापक जनहिताचं कलम ८(२) शिल्लक आहे, पण प्रबंधासाठी त्याच्या भरवशावर राहणं म्हणजे अपिलांत वर्ष घालवणं.

माहिती अधिकाराचा खरा उपयोग अर्जाच्या आधी होतो. अमुक कार्यालयात कोणते मासिक अहवाल, कोणत्या नमुन्यात, कोणत्या वर्षापासून ठेवले जातात, त्या कोऱ्या नमुन्याची प्रत आणि डेटा देण्याबाबतचं एखादं परिपत्रक असल्यास त्याची प्रत मागा. हे कोणी नाकारत नाही. उत्तर हातात आलं की संशोधनाच्या अर्जात रकान्याचं नाव त्यांच्याच शब्दांत लिहिता येतं. महाराष्ट्रात मजकूर १५० शब्दांत आणि एकाच विषयावर हवा. केंद्राच्या कार्यालयांसाठी मर्यादा ५०० शब्दांची.

दहा_रुपये
आधी नमुना मागायचा, हे डोक्यात आलं नव्हतं. पटलं.

रिकामा_रकाना
अर्धविराम, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं नेमकं उत्तर: एचएमआयएस. २००८ पासून चालू असलेली आरोग्य मंत्रालयाची मासिक अहवाल प्रणाली. प्रत्येक आरोग्य संस्था महिन्याला अहवालाचा एक तक्ता भरते. सार्वजनिक अहवालांत जिल्हा, आणि काही वर्षांसाठी तालुक्यापर्यंतचे आकडे सापडतात. अर्ज करण्याआधी तेवढे तरी उतरवून पाहा. संस्थानिहाय आकड्यांना लॉगिन लागतं, तिथे परवानगी आली.

रक्तक्षयासाठी तीन नोंदी बघा: चार किंवा जास्त वेळा हिमोग्लोबिन तपासलेल्या गरोदर महिला, हिमोग्लोबिन ११ ग्रॅमपेक्षा (दर डेसिलिटरला) कमी असलेल्या म्हणजे ७.१ ते १०.९ मधल्या, आणि ७ पेक्षा कमी असलेल्या. आता घोटाळा कुठे होतो ते बघा. लोक दुसऱ्या नोंदीला पहिलीने भागतात आणि काही तालुक्यांत शंभर टक्क्यांच्या वर उत्तर येतं. कारण भाजक चार तपासण्या पूर्ण झालेल्यांचा आहे आणि वरचा आकडा एखादीच तपासणी झालेल्यांनाही धरतो. त्यातून एकच बाई दोन महिन्यांत, दोन संस्थांत तपासली गेली की ती दोनदा मोजली जाऊ शकते. एचएमआयएस सेवा मोजतं, माणसं मोजत नाही. प्रबंधात ही ओळ पद्धतीच्या प्रकरणातच घाला, मर्यादांच्या शेवटच्या परिच्छेदात लपवू नका. भाजक म्हणून नोंदणी झालेल्या एकूण गरोदर महिलांचा रकानाही मागून ठेवा.

आणखी तीन गोष्टी झटपट:
- रिकामं आणि शून्य यांत फरक आहे. रिकामं म्हणजे बहुतेकदा भरलंच नाही. एक्सेलमध्ये उघडून सरसकट शून्य केलंत की संपलं.
- वर्ष एप्रिल ते मार्च.
- जुने अहवाल एक्सएलएस नावाने उतरतात पण आत एचटीएमएल तक्ता असतो. सॉफ्टवेअर 'फाइल खराब आहे' म्हणालं तर घाबरू नका, एचटीएमएल म्हणून वाचा.

खासगी दवाखान्यांची नोंद तालुक्यागणिक कमीजास्त असते. शहराला लागून असलेल्या तालुक्यात रक्तक्षय कमी दिसला तर तो खरंच कमी आहे की बायका खासगीत जातात, हे या डेटावरून सांगता येत नाही.

अर्धविराम
सगळ्यांचे आभार. मग तालुक्याऐवजी सरळ उपकेंद्रनिहाय मागितलं तर? विश्लेषणाला जास्त बिंदू मिळतील.

गाळणी
नका मागू. निदान गंभीर रक्तक्षयासाठी तरी नका. उपकेंद्राचा निकष सपाट भागात ५,००० लोकसंख्या, डोंगराळ-आदिवासी भागात ३,०००. जन्मदर हजारी १५ धरला तर ५,००० वस्तीत वर्षाला ७५ बाळंतपणं, म्हणजे महिन्याला सहा-सात. त्या महिन्यात '७ पेक्षा कमी' रकान्यात १ असेल, तर ती कोण हे गावातल्या आशाताईंना, अंगणवाडीत आणि बहुधा चावडीवरही माहीत असतं. नाव काढलं तरी ओळख उरतेच. अधिकारी हात आखडता घेतात तो नुसता आडमुठेपणा नसतो.

याला तोड म्हणजे एक बाजू जाडी करायची. स्थळ बारीक हवं तर काळ जाड घ्या: उपकेंद्र पण वार्षिक. काळ बारीक हवा तर स्थळ जाड: मासिक पण तालुका. मधला रस्ता, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि तिमाही. केंद्राचा निकष ३०,००० लोकसंख्येचा आहे, त्यामुळे आकडे बरे येतात. अर्जातच लिहून द्या की ५ पेक्षा कमी असलेला कोणताही आकडा प्रबंधात वा लेखात छापणार नाही. आणि नुसता तो एक आकडा झाकून भागत नाही. बेरजेतून वजा करून तो परत काढता येतो, म्हणून त्याच ओळीतला दुसरा एक आकडाही झाकावा लागतो.

पुढे कधी व्यक्तिपातळीचा डेटा मागायची वेळ आलीच, जसं की माता-बालकांच्या आरसीएच पोर्टलच्या नावनिशीवार नोंदी, तर काय काढून टाकायचं ते तुम्हीच सुचवा: जन्मतारखेऐवजी पूर्ण वर्षांतलं वय, गावाऐवजी तालुका, तपासणीच्या तारखेऐवजी गरोदरपणाचा आठवडा. काहीजण 'मोबाइल क्रमांक हॅश करून (म्हणजे सूत्राने सांकेतिक अक्षरांत बदलून) द्या' असं लिहितात. ते सुरक्षित नाही. दहा अंकी क्रमांक मोजकेच असतात. सगळ्यांचे हॅश काढून जुळवायला साधा संगणक पुरतो. त्यापेक्षा कार्यालयानेच प्रत्येकीला यादृच्छिक क्रमांक द्यावा, जुळणीची यादी त्यांच्याकडेच राहावी.

क्वोरम
प्रश्न ३. नावं नकोत म्हणून समितीकडे जायचं नाही, असा समज फार पसरलेला आहे. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत तीन वाटा आहेत: पुनरावलोकनातून सूट, जलद पुनरावलोकन आणि पूर्ण समिती. तुमचं काम बहुधा पहिल्या किंवा दुसऱ्या वाटेने जाईल. पण कोणती वाट, हे समिती ठरवते. 'सूट आहे' असं संशोधकाने स्वतःच ठरवायचं नसतं. सूट मिळाल्याचं पत्रही समितीचंच लागतं आणि नियतकालिकं ते मागतात.

समिती आरोग्य संशोधन विभागाकडे नोंदलेली आहे ना, ते बघा. २०१९ च्या नव्या औषध व चाचणी नियमांपासून जैववैद्यकीय संशोधन तपासणाऱ्या समित्यांना ही नोंदणी लागते. पत्रावर नोंदणी क्रमांक नसेल तर कार्यालय विचारतं.

क्रमाचा पेच नेहमीचा: समिती म्हणते डेटा देणाऱ्याची परवानगी आणा, कार्यालय म्हणतं समितीचं पत्र आणा. सुटका अशी की कार्यालयाकडून आधी 'नैतिकता समितीच्या मान्यतेच्या अधीन राहून तत्त्वतः हरकत नाही' एवढं एका ओळीचं पत्र घ्यायचं, ते समितीपुढे ठेवायचं, मग अंतिम आदेश.

व्यक्तिपातळीचा जुना डेटा असेल तर संमतीतून सूट वेगळी मागावी लागते. तो परिच्छेद प्रस्तावात स्वतंत्र लिहा, समितीने शोधून काढावा अशी अपेक्षा ठेवू नका.

अर्धविराम
पत्राचा मसुदा केलाय, बघाल का?

*'प्रति, मा. जिल्हा आरोग्य अधिकारी. विषय: संशोधनासाठी आरोग्यविषयक डेटा मिळणेबाबत. महोदय, मी पदव्युत्तर विद्यार्थी असून मला आपल्या जिल्ह्यातील गरोदर मातांचा संपूर्ण डेटा संशोधनासाठी आवश्यक आहे. तरी तो लवकरात लवकर उपलब्ध करून द्यावा ही विनंती.'*

आवकजावक
'संपूर्ण डेटा' हे दोन शब्द पाहिले की फाइल बाजूला पडते. टेबलावरच्या माणसाला यावर टिपणी लिहायची असते. काय द्यायचं, कोणी काढायचं, धोका काय, हे त्याला तुमच्या पत्रातून उचलता आलं पाहिजे. असं करा:

*'विषय: जिल्ह्यातील गरोदर मातांमधील रक्तक्षयाच्या अभ्यासासाठी प्राथमिक आरोग्य केंद्रनिहाय तिमाही एकत्रित आकडेवारी (एप्रिल २०२३ ते मार्च २०२५) मिळणेबाबत.*
*संदर्भ: संस्थात्मक नैतिकता समितीचे पत्र क्र. …, दि. …*
*उपरोक्त विषयान्वये विनंती की, सोबतच्या परिशिष्ट अ मधील चार रकान्यांची माहिती एक्सेल स्वरूपात मिळावी. कोणत्याही लाभार्थीचे नाव, पत्ता, मोबाइल वा ओळख क्रमांक आवश्यक नाही.'*

परिशिष्ट अ हा खरा अर्ज. रकान्याचं नाव एचएमआयएसच्या नमुन्यात जसं आहे तसंच, समोर तो का हवा याची एक ओळ. 'असू द्यावं, पुढे लागेल' अशा रकान्यासमोर ती ओळ लिहिताच येत नाही, मग तो आपोआप गळतो. ६० केंद्रं धरली तर आठ तिमाहींच्या ४८० ओळी होतात. हा हिशेबही लिहा. जिल्ह्याच्या डेटा मॅनेजरला काम किती आहे ते कळतं आणि ते अर्ध्या दिवसाचं आहे हे दिसलं की 'मनुष्यबळ उपलब्ध नाही' हा शेरा येत नाही.

परिशिष्ट ब मध्ये हमीपत्र: फाइल कोणाच्या संगणकावर राहील, आणखी कोण उघडेल, किती वर्षांनी नष्ट करणार, दुसऱ्या डेटाशी जोडून व्यक्ती ओळखण्याचा प्रयत्न करणार नाही, प्रबंधाची प्रत कार्यालयाला देणार. सही तुमची, प्रतिस्वाक्षरी मार्गदर्शकांची, अग्रेषण विभागप्रमुखांच्या पत्राने. विद्यार्थ्याचं एकट्याचं पत्र सहसा पुढे सरकत नाही.

'लवकरात लवकर' काढा. त्याऐवजी तारीख द्या.

सीमापार
यात परदेशी विद्यापीठातला सहमार्गदर्शक किंवा परदेशी निधी असेल तर आरोग्य मंत्रालयाच्या छाननी समितीची, म्हणजे एचएमएससीची मान्यता लागते. तिचं सचिवालय आयसीएमआरमध्ये आहे. सहमार्गदर्शक नंतर जोडला तरी सुटका नाही, उलट आधीच्या परवानग्या पुन्हा तपासल्या जातात. क्षयरोगाचा विषय घेणाऱ्यांसाठी वाट निराळी: क्षयरुग्णांच्या नोंदीच्या निक्षय पोर्टलचा डेटा राज्य क्षयरोग कार्यालय आणि कार्यक्रमाच्या संशोधन समितीमार्फत मागायचा. कर्करोग नोंदणीचं काम बेंगळुरूच्या एनसीडीआयआर या आयसीएमआरच्याच संस्थेकडे.

कलम_आठ
नकार आला तर तो लेखी घ्या. तोंडी 'नाही मिळणार' वर पुढे काहीच करता येत नाही. कारण दिलं नसेल तर आपल्याच अर्जावरची टिपणी माहिती अधिकारात मागा. बऱ्याचदा त्यात दिसतं की अर्ज नाकारलेलाच नाही, 'मार्गदर्शनास्तव वरिष्ठांकडे सादर' होऊन पडून आहे.

सहावा_दशांश
एक राहिलं. जिल्हा ठाणे वा पालघर असेल तर एनएफएचएस-४ आणि ५ ची तुलना करू नका. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला, पण चौथ्या फेरीने २०११ च्या जनगणनेचे ६४० जिल्हे धरले, म्हणून तिथे पालघर ठाण्यातच आहे. पाचव्या फेरीने ३१ मार्च २०१७ ची हद्द घेतली. 'ठाण्यात बदल झाला' असं दिसेल ते निम्मं नकाशामुळे.

अर्धविराम
जिल्हा तो नाही, सुटलो. मुदत दोन वर्षांची आणि स्थळ केंद्रनिहाय-तिमाही ठेवतो. रकाने चार: नोंदणी, चार तपासण्या, ११ पेक्षा कमी, ७ पेक्षा कमी. उपचार मिळालेल्यांचा पाचवा रकाना मनात होता, पण त्याच्यासमोर लिहायला ओळ सुचेना.

रिकामा_रकाना
तो ठेवा. ७ पेक्षा कमी सापडलेल्या आणि त्यातल्या उपचार झालेल्या, हे दोन आकडे शेजारी ठेवले की नोंद कुठे ढिली आहे ते कळतं. उपचार झालेल्या सापडलेल्यांपेक्षा जास्त दिसल्या, तर त्या केंद्राच्या बाकी रकान्यांकडेही संशयानेच बघा. ओळ अशी लिहा: 'नोंदींची अंतर्गत सुसंगती तपासण्यासाठी.'